ड्रायर फिरतो, पण तापत नाही

माझं दुकान तसं मोटार रिवाइंडिंगचं. विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटारी, उन्हाळ्यात कूलरचे पंप, अधूनमधून गिझर-मिक्सर, एवढ्यावर घर चालतं. कपडे वाळवायचा ड्रायर पांढरकवड्याच्या आसपासच्या गावांत कोण घेणार? मे महिन्यात पारा ४५ पर्यंत चढतो तेव्हा गच्चीवर चादर टाकून माणूस जिना उतरेपर्यंत तिची एक कड सुकलेली असते. तरी एक ड्रायर आमच्याकडे आहे, दहा खाटांच्या एका प्रसूतिगृहात. पावसाळ्यात तिथे रोज बाळांची दुपटी, लंगोट, खाटांवरच्या चादरी असा ढीग पडतो, आणि झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. म्हणून डॉक्टर मॅडमनी तो घेतला.

यंदा पुष्य नक्षत्रात तो बंद पडला. बंद म्हणजे ड्रम फिरत होता, पंख्याचा आवाज येत होता, टायमर पुढे सरकत होता, आणि दोन घंट्यांनी कपडे जसे टाकले तसे थंडगार निघत होते. मॅडम फोनवर म्हणाल्या, "भाऊ, कॉइल गेली असेल, नवीन टाकून द्या." त्यांचं निदान बरोबर होतं. कॉइल गेलीच होती. पण ती का गेली हे शोधता शोधता मी जिथे जाऊन पोचलो, ते मला स्वतःला आवडलेलं नाही. तरी लिहितो.

आधी मशीन काय आहे ते. पुढून दार, ६ किलोचं, गरम हवा मागच्या पाइपातून बाहेर फेकणारं. मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, हीटर २००० वॅट असं लिहिलेलं. हीटर म्हणजे पत्र्याच्या चपट्या खोक्यात चिनीमातीच्या खुंट्यांवर ताणलेल्या नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियमच्या तारेच्या) दोन कॉइल, प्रत्येकी १००० वॅटच्या. बटण 'कमी'वर ठेवलं की एक तापते, 'जास्त'वर दोन्ही. पंखा खोलीतली हवा या खोक्यातून ओढतो, ती तापून ड्रममधल्या ओल्या कपड्यांतून जाते, वाफ उचलते, जाळीत तंतू सोडते आणि पाइपातून भिंतीबाहेर पडते. हीटर आणि हवा यांचा हा जोडधंदा आहे. एकाने दांडी मारली की दुसऱ्याचं दिवाळं.

वेळेचा हिशोबही सांगून ठेवतो, कारण गिऱ्हाईक नेहमी वेळेचीच तक्रार घेऊन येतं. ६ किलो कपडे धुलाई मशीनमध्ये फिरवून पिळले तरी त्यांत ३ किलोच्या आसपास पाणी उरतं. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २४०० किलोज्यूल लागतात, म्हणजे ३ किलोला ७२००, म्हणजेच २ युनिट. २००० वॅटच्या हीटरला नुसत्या वाफेसाठीच एक घंटा हवा. कपडे, पत्रा आणि फुकट जाणारी हवा तापवणं धरलं की दीड घंटा. म्हणून पूर्ण भरलेल्या ड्रायरला दीड घंटा लागत असेल तर त्याला काही झालेलं नाही. हातानं पिळून ठिबकणारे कपडे टाकले तर दोन-अडीच घंटे लागतील, तोही मशीनचा दोष नाही.

इथे दीडचे तीन कधी झाले आणि तीनाचं काहीच नाही कधी झालं, हे मॅडमना ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते मावशींना. मावशी तिथे कपड्यांचं सगळं पाहतात. मी मशीनसमोर बसण्याआधी त्यांच्यासमोर बसलो.

"पयले दीड घंट्यात सुकत, भाऊ. मिरगाच्या पान्यात चांगलं चाललं. मंग आर्द्रा लागली आन् तीन घंटे लागाले लागले. त्याच टायमाले ते बोर्डातलं खटकं पडे, सारखंच पडे. मंग त्या रातच्या पोट्ट्यानं काहीतरी केलं, त खटकं पडनं बंद झालं. पन मशीनले हात लावला का मुंग्या येत."

"मुंग्या?"

"हाताले. म्हनून मी दुपट्यानं दार उघडो."

या बाईंच्या चार वाक्यांत अख्खं प्रकरण होतं, फक्त क्रम लावायचा बाकी होता. दीडचे तीन घंटे झाले याचा अर्थ दोनपैकी एक कॉइल आर्द्रा नक्षत्रात तुटली, अर्धीच गरमी उरली. खटकं म्हणजे बोर्डातला आरसीसीबी, गळती ३० मिलिअँपिअरच्या घरात गेली की लाइन तोडणारा. तो पडत होता म्हणजे करंट कुठूनतरी अर्थकडे, म्हणजे जमिनीत जाणाऱ्या तारेकडे, पळत होता. आणि मुंग्या येत होत्या म्हणजे पुढे ती अर्थच राहिली नव्हती.

मशीनला हात लावण्याआधी

माझ्याकडे आयटीआय झालेला एक पोट्टा आहे. तो येतानाच मोबाइलवर व्हिडिओ पाहून आला होता. त्यात सांगितलेलं, ड्रायर फिरतो पण तापत नसेल तर आधी फ्यूज पाहा, दोनपैकी एक गेलेला असतो. ते खरं आहे, पण अमेरिकेत. तिथे ड्रायरला १२० व्होल्टच्या दोन तारा येतात. मोटर एकीवर चालते, हीटर दोघींमधल्या २४० वर. एक तार गेली तर मोटर फिरते, हीटर थंड. आपल्याकडे घरगुती मशीनला एकच फेज आणि न्यूट्रल. मोटर फिरते आहे म्हणजे लाइन मशीनपर्यंत आली आहे, बिघाड आतच. परदेशी व्हिडिओ पाहायला हरकत नाही, पण आपला प्लग पाहून.

मशीन चालू करून बॉडीच्या एका स्क्रूला टेस्टर लावला. लख्ख पेटला. टेस्टर नुसत्या इंडक्शननेही पेटतो, विशेषतः अर्थ नसेल तर, म्हणून त्यावर भरवसा नाही. मीटरने बॉडी आणि सॉकेटची अर्थ यांच्यात मोजलं तर २२१ व्होल्ट. मीटरही फसवतो, त्याला मोजायला नावापुरता करंट पुरतो. खरं-खोटं करायला त्याला थोडं ओझं द्यावं लागतं. मी जुना झिरोचा बल्ब होल्डरसकट पिशवीत ठेवतो. नाव झिरो, खातो १५ वॅट. त्याची एक तार अर्थला धरली, दुसरी बॉडीला टेकवली. बल्ब पेटायच्या आतच बोर्डात खट्ट झालं. १५ वॅट म्हणजे ६५ मिलिअँपिअर, आरसीसीबीने त्याचं काम चोख केलं. इंडक्शन असतं तर बल्बही पेटला नसता आणि खटकंही पडलं नसतं. म्हणजे त्या पत्र्यावर पूर्ण २२० व्होल्ट जिवंत बसलेले होते, आणि मावशी बाळांची दुपटी त्याच पत्र्यातून काढत होत्या. त्यांच्या पायांत रबरी चप्पल होती आणि पत्र्यावर रंगाचा जाड थर. एवढ्यावर निभावलं.

प्लग काढून उघडला. अर्थची हिरवी तार कापून आत दुमडून ठेवलेली. रात्रपाळीच्या पोराला मी काही बोललो नाही. खटकं पडलं की वॉर्डातले पंखे बंद होतात, बाळं रडतात, आणि रात्री दोनला सगळे त्याच्याच नावाने ओरडतात. त्याने ओरडा थांबवला. आमच्याकडे दहा घरांतल्या आठ घरी हेच करतात.

सॉकेटची अर्थ तेवढी शाबूत निघाली. आमच्या काळ्या मातीत हेही गृहीत धरता येत नाही. उन्हाळ्यात जमीन भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि मीठ-कोळसा कोरडा पडतो. पावसाळ्यात तीच अर्थ सुधारते. म्हणून अर्थ तपासायची ती वैशाखात.

खोललं तेव्हा

प्लग भिंतीतून काढून मशीन पुढे ओढलं. मोटरच्या कपॅसिटरची दोन टोकं आधी डिस्चार्ज केली, कारण प्लग काढल्यावरही तो झटका देऊ शकतो. मागचा पत्रा काढला. तारांचा फोटो घेतला. हा फोटो घ्यायचा आळस मी एकदा केला होता आणि त्यापायी एक संध्याकाळ घालवली होती.

हीटरचा रस्ता असा: टायमर, दाराचा स्विच, हवेचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट, मग हीटरच्या खोक्यावर बसवलेले दोन कटआउट, आणि शेवटी कॉइल. सगळे एका माळेत. एक मणी तुटला तरी हीटर थंड. म्हणून 'तापत नाही' म्हटलं की कॉइलच गेली असं नसतं, एकेक मणी तपासावा लागतो, आणि तपासताना त्या भागाची निदान एक तार काढून ठेवावी लागते. नाहीतर मीटर मोटरच्या वाइंडिंगमधून उलटा फिरून काहीतरी ओहम दाखवतो आणि तुटलेली वस्तू चांगली वाटते. टायमर ठीक. दाराचा स्विच ठीक. थर्मोस्टॅट थंड असताना जोडलेला असायला हवा, होता.

कॉइलचं गणित सोपं. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट: ५२,९०० भागिले १०००, म्हणजे ५३ ओहम. हा तापलेल्या कॉइलचा आकडा. थंड असताना दोन-तीन ओहम कमी येतो, नायक्रोमचा रोध तापल्यावर थोडासाच वाढतो. पहिल्या कॉइलच्या दोन टोकांत मीटरने काहीच दाखवलं नाही. तुटलेली. पण तिच्या फेजकडच्या टोकापासून पत्र्यापर्यंत ३१ ओहम. म्हणजे साठ टक्के लांबीवर ती तुटून खोक्याला टेकली होती. दुसरी कॉइलही तुटलेली, पण ती पत्र्यापासून दूर.

खोकं काढून उजेडात धरलं. पहिली कॉइल जुन्या बाजेच्या सुंभासारखी मधोमध लोंबली होती. टेकली तिथे पत्र्यावर काळा खड्डा. दुसरी टर्मिनलजवळ तुटलेली, आणि तुटल्या टोकाला खसखशीएवढा वितळलेला मणी. नायक्रोम १४०० अंशांच्या आसपास वितळतं. तिथे ते तापमान कसं आलं? टर्मिनलची क्लिप सैल झाली की जोडावर ठिणगी पडते, क्लिप काळी पडते, आणखी सैल होते. ती क्लिप माझ्या बोटांत चुरमुऱ्यासारखी तुटली.

आता कटआउट. दोनपैकी एक आपोआप परत जोडला जाणारा, तो ठीक. दुसरा एकदाच तुटणारा. खोकं जरुरीपेक्षा तापलं की कायमचा उघडतो, मग बदलावाच लागतो. त्याच्या दोन पिनांवर तारेचा एक तुकडा होता. पिवळी स्लीव्ह घातलेला, तीन वेढे देऊन टोक मागे दुमडलेला.

पोट्ट्याने तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"उस्ताद, ही त आपली स्लीव्ह होय."

होय. मोटर भरताना वापरतो ती. या भागात ती दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि ते तीन वेढे माझ्या हातचे.

मागच्या वर्षी श्रावणात हाच ड्रायर तापत नव्हता. मी आलो, कटआउट उघडलेला सापडला. सुटा भाग नागपूरहून मागवावा लागणार होता. मॅडमकडे त्या दिवशी तीन बाळंतिणी, बाहेर झड. मी तार टाकून दिली. "दोन दिवसांसाठी," म्हणालो. मग पोळा आला, पोळ्यानंतर मोटारींचं काम अंगावर पडलं, मग ऊन पडलं, ड्रायर बंद झाला, आणि मी विसरलो. मॅडमही विसरल्या, पण त्यांनी विसरणं आणि मी विसरणं सारखं नाही. मुख्य म्हणजे तेव्हा मी एकदाही विचारलं नाही की कटआउट उघडला का. तो उगीच उघडत नाही. खोकं तापलं म्हणून उघडला. खोकं तापलं, कारण हवा जात नव्हती. हवा का जात नव्हती ते पाहायला मशीनच्या मागे जाऊन गुडघ्यावर बसावं लागलं असतं.

या वेळी बसलो.

पाइप

मशीनमागून प्लॅस्टिकचा लवचीक पाइप निघत होता, बारा फूट, दोन वळणं, मध्ये कपाटामागे पोटात आलेला. तो मागच्या भिंतीतून बाहेर. बाहेर जाऊन पाहिलं तर तोंडाला डासांची नायलॉन जाळी, तारेने पक्की आवळलेली. मिरगाच्या आधी डासांनी कहर केला तेव्हा मॅडमनी सगळ्या खिडक्यांबरोबर तिथेही मारून घेतली होती. प्रसूतिगृह आहे, त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. पण ड्रायरमधून सुती कपड्यांचे तंतू निघतात, फिल्टरमधून निसटलेले बारीक ते पाइपात येतात, आणि जाळी त्यांना धरून ठेवते.

जाळी कापली. तिला आतून बोटभर जाड नमदा चिकटलेला, ओलसर, राखाडी, जुन्या गादीतून काढलेल्या रुईसारखा. पाइपच्या पोटात आणखी, भिजून घट्ट झालेला. मागच्या वर्षीचा बहुतेक हाच, त्यावर यंदाची भर. बादली भरली. मावशी म्हणाल्या, "हे समदं दुपट्यायचं?" समदं दुपट्यायचं. आमचा मुलूख कापसाचा आहे. जिनिंगमध्ये रुईच्या ढिगात एक ठिणगी काय करते हे इथल्या पोराटोरांना माहीत आहे. आणि इथे रुईच्या बोळ्यापासून चार-सहा फुटांवर मी कटआउट नसलेली लाल कॉइल ठेवून गेलो होतो.

आता क्रम लागतो. पाइप चोंदला, हवा मंदावली. थर्मोस्टॅट बाहेर जाणाऱ्या हवेचं तापमान मोजतो. हवाच पुढे सरकत नसेल तर त्याला गरमी उशिरा कळते, सगळी गरमी हीटरच्या खोक्यात कोंडते. तिथे पहारा द्यायला जो कटआउट असतो तो मी झोपवलेला. राहिलेला आपोआप जोडला जाणारा कटआउट तोडायचा, जोडायचा, तोडायचा, जोडायचा, आणि दर वेळी कॉइल लाल होऊन थंड व्हायची. नायक्रोम टिकतं ते त्याच्या अंगावर बसलेल्या क्रोमियम ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे. असं सारखं ताण-ढील झालं की पापुद्रा तडकतो, तार आतून खाल्ली जाते, मऊ पडून लोंबते.

यात व्होल्टेजनेही हात धुऊन घेतले. आमच्या गावात संध्याकाळी १९० मिळालं तरी नशीब, आणि रात्री अकरानंतर २५० पर्यंत चढतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. १९० वर हा २००० वॅटचा हीटर १३६५ वॅटचा होतो, २५० वर २३६३. संध्याकाळी कपडे सुकत नाहीत म्हणून मावशी रात्री लावायच्या. म्हणजे चोंदलेल्या पाइपावर, पहारेकरी नसताना, हीटरला रोज रात्री जवळजवळ अठरा टक्के जादा खुराक.

नुसती कॉइल बदलून गेलो असतो तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नवी कॉइल याच वर्षी गेली असती, आणि ती गेली असती तर स्वस्तात सुटलो असंच म्हणावं लागलं असतं.

मी आत जाऊन मॅडमना पिवळी तार दाखवली आणि सांगितलं की ही माझी. त्या बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्यात पेशंटच्या पोटात कापसाचा बोळा राहिला तर त्याला काय म्हणतात माहीत आहे ना?" मी मान हलवली. त्यांनी विषय तिथेच सोडला. मजुरी घ्यायचा प्रश्नच नव्हता.

नवी कॉइल

हीटरचं अख्खं खोकं आणि दोन्ही कटआउट नागपूरला सीताबर्डीतल्या दुकानदाराला मॉडेल नंबर आणि फोटो पाठवून मागवले. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून तीन दिवसांनी आले. कटआउट हीटरबरोबरच नवे टाकायचे, एवढे तापलेले जुने ठेवण्यात कंजुषी करू नये.

त्या तीन दिवसांत दोन जुगाड समोर आले. एक पोट्ट्याचा: तुटलेली टोकं ओढून पीळ मारू, शेगडीला मारतात तसा. शेगडीच्या कॉइलला अर्ध्या तालुक्याने असा पीळ मारला असेल. पण तुटलेला तुकडा गेला की कॉइल आखूड होते. लांबी दहा टक्के घटली तर वॅट अकरा टक्के वाढतात, आणि पिळाच्या जागी सगळ्यात जास्त तापतं, पुन्हा तिथेच तुटतं. शेगडी निदान डोळ्यांसमोर असते, तुटली तर दिसते. ही पत्र्याआड, शेजारी कापूस.

दुसरा जुगाड गावातल्या दुकानदाराचा: गिझरचा २००० वॅटचा रॉड स्वस्तात देतो, बसवून टाक. तो रॉड पाण्यात बुडून राहण्यासाठी केलेला असतो, पाणी गरमी ओढून नेतं म्हणून तेवढ्याशा अंगात २००० वॅट सोसतो. हवेत लावला तर थोड्याच वेळात लाल होऊन फुटतो.

मॅडमना घाई होती, ओली दुपटी वॉर्डात पंख्याखाली दोऱ्यांवर लटकत होती. मी या वेळी "दोन दिवसांसाठी" काहीही केलं नाही.

बसवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम, अर्ध्या घंट्याचं. नवी कॉइल ताणायची नाही, खुंट्यांवरून सरकली नाही ना पाहायचं, तेलकट हात लावायचा नाही. काळ्या पडलेल्या क्लिपा आणि त्यांच्या तारांची जळकी टोकं कापून टाकली, नव्या क्लिपा दाबून बसवल्या. सोल्डर करायचं नाही. साधं सोल्डर १९० अंशांच्या आसपास पातळ होतं आणि इथे ते टिकत नाही. स्लीव्ह फायबरग्लासची, कारण पीव्हीसी वितळतं. पंख्याच्या पात्यांवर रुईचा लेप होता, तो कोरड्या ब्रशने काढला. मग मोजणी: दोन्ही कॉइल मिळून २५ ओहम, आणि कॉइल ते पत्रा ५०० व्होल्टच्या मेगरवर (गळती तपासायच्या मीटरवर) काटा पार टोकाला, म्हणजे गळती नाही. प्लग नवा, १६ अँपिअरचा, अर्थ जागेवर.

पत्रा बंद करण्याआधी पाइप. तो कूलरची बॉडी बनवणाऱ्या मिस्त्रीकडून करून घेतला. विदर्भात या कारागिरांच्या हाताला तोड नाही, आणि पावसाळ्यात ते रिकामेच असतात. मशीन भिंतीकडे सरकवून बारा फुटांचे सहा केले, दोन वळणांचं एक. जस्ती पत्र्याचा, चार इंची, आतून गुळगुळीत. सांध्यांना स्क्रू नाही, ॲल्युमिनियमची टेप, कारण आत आलेल्या स्क्रूच्या टोकाला रुई अडकते. बाहेर तोंडाला हलकी झडप. मशीन चालू असताना हवेने उघडते, बंद झालं की पडते. डास, पाली, सगळे बाहेर.

चालू केलं. व्होल्टेज २२४. क्लॅम्प मीटर फक्त फेजच्या तारेभोवती धरायचा, दोन्ही तारा मिळून धरला तर शून्य दाखवतो. त्यासाठी तारा सुट्या केलेली एक फूटभर एक्स्टेन्शन मी करून ठेवली आहे. हीटर 'कमी'वर ५.३ अँपिअर, 'जास्त'वर ९.४. मोटर धरून हिशोबात बसतं. थर्मोस्टॅट तोडतो आणि जोडतो हे चार वेळा पाहिलं, तेव्हा कुठे चहा घेतला. पूर्ण भरलेला ड्रम एक घंटा चाळीस मिनिटांत सुकला.

मावशींना दोन गोष्टी सांगितल्या. फिल्टर दर खेपेला साफ करायचा, हे त्या आधीपासून करत होत्या. दुसरी तेलाची. बाळाच्या मालिशीनंतर अंग पुसलेली तेलकट फडकी धुऊनही तेल सोडत नाहीत, आणि गरम करून ढीग घातला की सुती कापडातलं तेल आपणच तापत जातं, त्यातून आग लागू शकते. सगळ्यात वाईट जवसाचं, आणि आमच्याकडे जवस घरोघरी. ती फडकी दोरीवरच. म्हणूनच शेवटची दहा मिनिटं मशीन हीटर बंद करून नुसतं फिरतं, ती घाईने तोडायची नाहीत.

पाइप चोंदतोय की नाही हे ओळखायला त्यांना एक खूण करून दिली. ड्रेसिंगच्या गॉजची वीतभर पट्टी काठीला बांधली, मशीन चालू असताना झडपेसमोर धरायची. पट्टी आडवी उडाली पाहिजे.

आश्लेषा संपता संपता मावशींचा फोन आला. "भाऊ, पट्टी आज लोंबून राह्यली." मी निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात मागून त्यांचाच आवाज, काठी पत्र्यावर आपटल्याचा. कुंभारमाशीने झडपेच्या बिजागरीवर मातीचं घर केलं होतं, झडप अर्धीच उघडत होती. "आता उडाली," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.